खणात ठेवलेलं बेअरिंगही म्हातारं होतं

न वापरलेलं बेअरिंग खराब होतं, हे सांगितलं की बहुतेकांना पटत नाही. फिरलं, तापलं, झिजलं तर जाणारच. पण ज्याचा एक फेराही झालेला नाही, जे खोक्यातून बाहेरच निघालेलं नाही, ते कसं जाईल? हा प्रश्न मला नव्याने लागलेल्या इंजिनिअरांनी विचारलाय आणि हिशेब खात्यातल्या मुरलेल्या माणसांनीही विचारलाय. प्रश्न रास्त आहे. वस्तू आणली, नोंदवली, रॅकवर ठेवली की आपलं काम संपलं, आता लागेल तेव्हा हात घालायचा, असंच आपण धरून चालतो. माझी नोकरीतली बरीच वर्षं कारखान्यांतल्या मेंटेनन्स आणि स्टोअर, म्हणजे सुट्या भागांचं भांडार, या दोन खात्यांच्या मधल्या दारात गेली. तिथून जे दिसलं त्यावरून माझं मत असं झालंय की वस्तू स्टोअरमध्ये असणं आणि ती मशीनवर चढून नीट चालणं यांच्यामध्ये पुष्कळ काम असतं, आणि ते काम करणाऱ्यांना त्याचं श्रेय जवळपास कधीच मिळत नाही.

एका कारखान्यात मोठ्या पंपाची राखीव मोटर कॉम्प्रेसर रूमच्या भिंतीला लागून ठेवलेली असे. जागा सोयीची होती. क्रेन तिथवर पोचायची, वर छप्पर होतं, पावसाचं पाणी येत नव्हतं. मोटरीवर प्लास्टिक पांघरलेलं, शाफ्टला ग्रीस चोपडलेलं, टॅग बांधलेला. चालू मोटर जळाली तेव्हा ही एका शिफ्टमध्ये चढवली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी ती आवाज करायला लागली. आठवडा सरायच्या आत उतरवावी लागली. बेअरिंग कापून, धुऊन, बाहेरची रिंग उजेडात तिरपी धरली तेव्हा बॉल ज्या चकचकीत खोबणीतून धावतात तिच्यात ठरावीक अंतरावर पुसट, लांबट डाग दिसले. खालच्या अंगाला ते जास्त ठळक होते. दोन डागांमधलं अंतर मोजलं तर ते दोन बॉलमधल्या अंतराइतकंच भरलं. डागावरून नख फिरवलं की किंचित अडकायचं. ग्रीस पुसलेल्या फडक्यावर तांबूस भुकटी आली होती.

कारण शेजारीच होतं. कॉम्प्रेसर रात्रंदिवस भिंत आणि फरशी थरथरवत होता. मोटर बंद, शाफ्ट जागच्या जागी, रोटरचं सगळं वजन खालच्या दोन-चार बॉलवर. अशा थरथरीत ते बॉल केसभर मागेपुढे होत राहतात. मधली ग्रीसची पातळ फिल्म बाजूला सरते, पोलादावर पोलाद घासतं, सुटलेले बारीक कण गंजतात आणि तीच भुकटी मग पॉलिशपेपरसारखी आणखी घासत राहते. मोटर फिरत असती तर प्रत्येक फेऱ्याला नवी ग्रीस आत ओढली गेली असती. ती थांबलेली होती म्हणूनच गेली. याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. १९३०च्या दशकात अमेरिकेत नव्या मोटारगाड्या रेल्वेने लांब पाठवायच्या तेव्हा एक मैलही न चाललेल्या गाड्यांच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये असेच डाग सापडत, आणि आल्मेन नावाच्या इंजिनिअरने १९३७ साली त्याचा उलगडा केला. म्हणजे हे कोडं सुटून किती काळ झाला, आणि आजही राखीव मोटरी कॉम्प्रेसरच्या भिंतीला लागून ठेवलेल्या मला दिसतात.

उपायाला पैसे लागत नाहीत. मोटर थरथरीपासून दूर न्यायची, जमत नसेल तर खाली जाड रबराचे पॅड द्यायचे, आणि महिन्यातून एकदा शाफ्ट हाताने काही फेरे फिरवून आधी जिथे थांबला होता तिथून पाव फेरा पुढे थांबवायचा. म्हणजे ग्रीस पुन्हा पसरतं आणि वजन दुसऱ्या बॉलवर जातं. आम्ही शाफ्टच्या टोकावर रंगाचा एक ठिपका देतो आणि मोटरीच्या झाकणावर घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊच्या जागी चार खुणा करतो. कुठल्या महिन्यात ठिपका कुठे असायला हवा हे ठरलेलं असतं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचा परिणाम त्या दिवशी काहीच दिसत नाही, त्यामुळे ते सगळ्यात आधी टाळलं जातं. वर्षभराच्या सह्या एकाच पेनाने एकाच बैठकीत केलेली कार्डं मी पाहिलीत. म्हणून तपासणीला गेलो की मी आधी ठिपका बघतो, कार्ड नंतर.

सुट्या बेअरिंगचं दुखणं वेगळं. खोकं उघडून, कागद सोडवून, हात लावून परत ठेवलेलं बेअरिंग हे त्यातलं सगळ्यात मोठं. बोटांच्या घामात मीठ असतं. काही आठवड्यांत बरोबर बोटाच्या ठशाच्या आकाराचा गंज चढतो, रेघान् रेघ ओळखता येते. मोठी बेअरिंगं उभी ठेवली तर स्वतःच्या वजनाने रिंगा किंचित अंडाकृती होऊ शकतात, म्हणून ती आडवीच ठेवायची, दोन्ही रिंगांना खालून आधार मिळेल अशी. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या आत. आणि दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या, आत ग्रीस भरूनच आलेल्या बेअरिंगना तर सरळसरळ वय असतं, कारण ग्रीसमधलं तेल हळूहळू सुटून वेगळं होतं. तीनेक वर्षांपलीकडे ती ठेवू नयेत असं बनवणारेच सांगतात. खोकं कोरं करकरीत असतं, बेअरिंगही चमकत असतं, आणि आतलं ग्रीस मात्र साबणासारखं घट्ट झालेलं असतं.

रबराचं म्हातारपण आणखी उघड आहे, तरीही त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, कारण ओ-रिंग, म्हणजे जोडातली गळती रोखणारं रबराचं कडं, ही स्टोअरमधली सगळ्यात क्षुल्लक वस्तू समजली जाते. रबराचं वय ते आपल्याकडे आलं त्या दिवसापासून मोजायचं नसतं, ते साच्यात शिजवलं गेलं त्या दिवसापासून मोजायचं असतं. चांगल्या पाकिटावर ती तिमाही आणि वर्ष छापलेलं असतं. आयएसओ २२३० हे मानक रबराचे तीन गट पाडतं: नैसर्गिक रबर, पॉलियुरेथेन वगैरे ५ वर्षं, नायट्राइल, निओप्रीन ७ वर्षं, व्हायटॉन, सिलिकॉन, ईपीडीएम १० वर्षं. मुदत संपल्यावर तपासून पाहून अनुक्रमे २, ३ आणि ५ वर्षं वाढवता येतात. तीही बंद पाकिटात, उजेडापासून आणि उष्णतेपासून दूर, २५ अंशांच्या आत ठेवलं असेल तर.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. पाकिटं जागा खातात म्हणून ती फोडून सगळ्या ओ-रिंग एका बरणीत ओततात आणि बरणीवर माप लिहितात. त्या एका कृतीत दोन गोष्टी कायमच्या हरवतात, जन्मतारीख आणि जात. काळी नायट्राइल आणि काळी व्हायटॉन शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही. व्हायटॉन हाताला थोडी जड लागते, पण ते सरावाच्या माणसाला. नायट्राइल साधारण १०० अंशांपर्यंत सुखाने चालते. व्हायटॉन २०० पर्यंत तग धरते. गरम तेलाच्या लाइनवर चुकून नायट्राइल बसली तर ती कडक होते, तिला तडे जातात आणि गळती सुरू होते. मग फ्लँजला दोष दिला जातो, फिटरला दिला जातो, कधी पंपालाही. त्या बरणीचं नाव कुणी घेत नाही. बरणीच ठेवायची असेल तर एका जातीची, एका तारखेची, एका मापाची ठेवा. नाहीतर पाकिटं फोडूच नका. याबाबतीत मी हट्टी आहे आणि राहणार.

बेल्ट खिळ्याला टांगतात, हीसुद्धा तशीच जुनी सवय. खिळ्याच्या जागी बेल्टला कायमची मोड बसते आणि आतले धागे दुखावतात. टांगायचाच तर चांगला रुंद, गोल आधार हवा. त्यातून स्टोअरच्या शेजारी वेल्डिंग चालत असेल तर ओझोन तयार होतो, आणि ताणलेल्या किंवा मुडपलेल्या रबराचा तो वैरी आहे. जिथे वाक असतो नेमक्या तिथेच बारीक चिरा पडतात. एका पुलीवर तीन-चार बेल्ट असतील तर ते एकाच वेळी, एकाच संचातले बदलायचे, म्हणून रॅकवरही संच बांधलेला राहिला पाहिजे. एक सुटा काढून दिला की उरलेले निरुपयोगी झालेच म्हणून समजा.

पंपाच्या फिरत्या शाफ्टजवळची गळती रोखणाऱ्या मेकॅनिकल सीलबद्दल एवढंच सांगतो: त्याच्या घासणाऱ्या तोंडांचा सपाटपणा प्रकाशाच्या पट्ट्यांनी मोजतात, आणि एक पट्टी म्हणजे साधारण ०.२९ मायक्रॉन. तिथे बोट लावून ‘किती गुळगुळीत आहे’ हे बघायचं नसतं.

इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस म्हणेल की आमच्याकडे गंज नाही, रबर नाही. पण मोटरीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमध्ये मोठे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतात. त्यांच्या आत अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, आणि विजेविना पडून राहिला की तो विरत जातो. अशा ड्राइव्हला वर्षांनंतर एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर कॅपॅसिटर तापतो, फुगतो, कधी फुटतो. व्होल्टेज हळूहळू चढवत नेलं तर थर पुन्हा बनतो. त्यामुळे राखीव ड्राइव्हनाही ठरल्या मुदतीत टेबलावर घेऊन वीज द्यावी लागते. मुदत किती, ते त्या-त्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पुस्तिका मात्र बहुतेक वेळा खोक्याबरोबर फेकून दिलेली असते.

इथवर वस्तूच्या तब्येतीबद्दल झालं. पण तब्येत उत्तम असलेली वस्तूही वेळेला सापडत नाही, आणि माझ्या अनुभवात बंद पडलेल्या मशीनचे जास्त तास यातच गेलेत.

रात्रपाळीला फिटर खिडकीशी येतो. हातात तेलाने आणि काळ्या ग्रीसने माखलेलं काहीतरी असतं. “दादा, असलंच एक द्या.”

स्टोअरकीपर ते फडक्याने पुसतो, रिंगेची कड दिव्याखाली फिरवतो. छापलेला आकडा अर्धा उडालाय. व्हर्नियर लावतो: आतलं भोक २५, बाहेरून ५२, रुंदी १५. “६२०५ आहे. सी३ होतं का साधं?”

“ते काय माहीत नाही.”

“कुठून काढलंस?”

“ब्लोअरच्या मोटरीतून.”

“मग सी३ असणार. थांब, नेमप्लेटवरचं लिहिलेलं आहे माझ्याकडे.” आणि तो वहीचं पान उलटतो.

हा संवाद एका मिनिटात संपतो. पण तेवढ्यात त्या माणसाने किती गोष्टी वापरल्या ते पाहण्यासारखं आहे. ६२०५ मधल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की भोकाचं माप मिळतं. ०४ पासून पुढे हे गणित चालतं. ६३०५ चंही भोक २५ च, पण ते बाहेरून ६२ आणि रुंदीला १७, म्हणून नुसतं ‘पंचवीसचं बेअरिंग’ म्हणून चालत नाही. सी३ म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. चालत्या मोटरीत आतली रिंग बाहेरच्यापेक्षा जास्त तापते, फुगते आणि ती मोकळीक खाऊन टाकते. साधं बेअरिंग घातलं तर ते थंड असताना छान फिरतं आणि गरम झाल्यावर आवळतं. फिटरला ही अक्षरं कळली नाहीत म्हणून त्याला नावं ठेवायचं कारण नाही. त्याच्या डोक्यात त्या वेळी थांबलेली लाइन असते. अक्षरांची काळजी खिडकीच्या आतल्या माणसाने घ्यायची, आणि त्याला ती घेता यावी म्हणून मशीनची नेमप्लेट, ड्रॉइंग, पार्ट लिस्ट हे सगळं स्टोअरच्या आवाक्यात हवं. अनेक ठिकाणी ते तिसऱ्याच खात्याच्या कुलुपात असतं.

त्याच ६२०५ च्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी एकदा मी शोधत बसलो होतो. एक ‘बेअरिंग ६२०५’ म्हणून, एक ‘६२०५ झेडझेड’ म्हणून, एक ‘बॉल बेअरिंग २५ एमएम’ म्हणून, आणि काही वेगवेगळ्या मशीन बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या पार्ट नंबरखाली, जिथे बेअरिंग हा शब्दच नव्हता. बनवणारा बाजारातलंच बेअरिंग घेतो आणि त्याच्या यादीत त्याला आपला नंबर देतो. आपण तो नंबर तसाच उतरवून घेतो. परिणाम असा की एका कोडखाली साठा शून्य म्हणून तातडीची मागणी जाते आणि तीच वस्तू पलीकडच्या रॅकवर दुसऱ्या नावाने पडून असते. हे निस्तरायचं म्हणजे एकेक खोकं उघडून, मापं घेऊन, जुन्या पार्ट लिस्टशी ताडून, आधी वस्तूचं नाव, मग प्रकार, मग माप, मग सीलचा आणि मोकळिकीचा प्रकार अशा एकाच क्रमाने नवं वर्णन लिहायचं. कंपनीचं नाव शेवटी. मला हे काम फार आवडतं. तासन् तास करावं लागतं, पण दोन नोंदी एकत्र करून एक केल्या की कुठल्या तरी पुढच्या रात्रीचा एखादा तास वाचवल्याची खात्री असते.

एका सुट्या भागाच्या जागी दुसरा बसतो, ही गोष्ट आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ती कमावलेली आहे हे लक्षातच येत नाही. १७८५ साली पॅरिसमध्ये ऑनोरे ब्लाँ या बंदूक बनवणाऱ्या कारागिराने अमेरिकेचे तिथले राजदूत थॉमस जेफरसन यांना आपली करामत दाखवली. त्याने पन्नास बंदुकांचे चाप सुटे करून त्यांचे भाग खणाखणांत लावून ठेवले होते. जेफरसननी हाताला येईल तो भाग उचलत काही चाप स्वतः जुळवले आणि ते चपखल बसले. हे त्यांनी त्या वर्षी पत्रात लिहून कळवलं, कारण तेव्हा ते नवल होतं. एरवी प्रत्येक चाप कारागीर कानस मारून आपापल्या भागांसकट जुळवत असे. ब्रिटिश इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थनी स्क्रूच्या आट्यांचं एकच प्रमाण सुचवलं ते १८४१ मध्ये. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेलच असं नव्हतं. मला त्या पॅरिसच्या टेबलावरचे ते खण फार जवळचे वाटतात. आपल्या रॅकवरचा प्रत्येक खण तेच आश्वासन देत असतो, आणि चुकीची चिठ्ठी लावलेला खण ते मोडतो.

आता जरा अवघड विषय: फिटरांची कपाटं. ज्या कारखान्यात मी गेलो तिथे वर्कशॉपच्या कोपऱ्यात पत्र्याची कपाटं होती आणि त्यांत एक दुसरं स्टोअर भरलेलं होतं. जुन्या मशीनमधून काढलेले सेन्सर, दोन-तीन कॉन्टॅक्टर, चिंध्यांत गुंडाळलेली बेअरिंगं, ऑइल सील, फ्यूज, एखादं नवं कपलिंग. कागदोपत्री या सगळ्याचा ‘वापर’ होऊन गेलेला असतो. वरचे लोक याला बेशिस्त म्हणतात आणि मधूनच कपाटं उघडायची मोहीम काढतात. मोहिमेनंतर काही दिवसांत कपाटं पुन्हा भरतात, कारण कपाट भरण्याचं कारण तसंच राहिलेलं असतं. कधीतरी रात्री खिडकीवर ‘नाही’ ऐकलेलं असतं, किंवा ‘कॉम्प्युटरवर आहे पण सापडत नाही’, किंवा ‘सही आणा’. मशीन थांबलेलं, सुपरवायझर मागे उभा, आणि सही करणारा घरी झोपलेला. ज्या माणसावर ही वेळ दोनदा आली तो तिसऱ्या वेळेसाठी एक जास्तीचं मागून ठेवतो. मला त्यात चोरी दिसत नाही, मशीनवरचा जीव दिसतो. पण त्या कपाटांनी नुकसान होतं हेही खरं. साठ्याचा आकडा खोटा पडतो, खपाचा आकडा फुगतो, पुढची मागणी चुकते, आणि तो फिटर रजेवर गेला की त्याच्या कपाटातली वस्तू असून नसल्यासारखी होते.

कपाटं रिकामी झालेली मी एकाच प्रकारे पाहिली. एका ठिकाणी स्टोअरकीपरने वर्कशॉपमध्ये उघडे खण लावले. फ्यूज, साधे सील, नेहमीचे फास्टनर, सर्क्लिप हे सगळं बिनसहीचं. दोन पेट्यांची पद्धत, एक संपली की दुसरी सुरू आणि रिकामी पेटी म्हणजेच मागणी. त्याचबरोबर त्याने जाहीर केलं की कपाटातलं जे काही परत येईल त्याबद्दल एकही प्रश्न विचारला जाणार नाही. पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. मग एक जुना फिटर पिशवी घेऊन आला, टेबलावर ओतली आणि निघून गेला. त्यानंतर बाकीचे आले. परत आलेल्या मालातलं काय नवं, काय वापरलेलं, काय दुरुस्त केलेलं, हे वेगळं करायला बराच काळ गेला. हे वेगळं करणं टाळता येत नाही. काढून ठेवलेली जुनी वस्तू नव्याच्या शेजारी बिनचिठ्ठीची ठेवण्याइतकं धोक्याचं स्टोअरमध्ये दुसरं काही नसतं. खराब म्हणून उतरवलेला व्हॉल्व्ह काही महिन्यांनी ‘आहे की एक’ म्हणून पुन्हा मशीनवर चढलेला मी पाहिलाय.

किती ठेवायचं, हा प्रश्न सगळेच विचारतात आणि बहुतेक ठिकाणी उत्तर अंदाजाने दिलं जातं. रोज लागणाऱ्या वस्तूंना सरासरी पुरते. वर्षातून एखाद्या वेळी लागणाऱ्या वस्तूंना सरासरी काहीच सांगत नाही. अशा विरळ घटनांचं गणित पुआसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखतात, आणि त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण घोड्यांचं आहे. १८९८ साली बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञांनी प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या शिपायांचे आकडे मांडले. सैन्याचे १० विभाग, २० वर्षं, म्हणजे २०० नोंदी, एकूण मृत्यू १२२. त्यातल्या १०९ नोंदींमध्ये एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन, आणि एका नोंदीत चार. नुसती सरासरी धरून पुआसाँचं सूत्र पहिल्या गटाला जवळजवळ १०९ च सांगतं. ज्या विभागात एका वर्षी चार जण गेले तिथे कुणी तरी चौकशी बसवली असेल, पण आकडे सांगतात की निव्वळ योगायोगानेही असं कधीतरी होणारच.

हेच स्टोअरला लावून पाहू. एक भाग आठ मशीनना बसतो, प्रत्येकात तो सरासरी चार वर्षांनी जातो. म्हणजे वर्षाला दोन. मागवल्यावर यायला तीन महिने लागतात. तीन महिन्यांत सरासरी अर्धा. खणात एकही ठेवला नाही तर त्या तीन महिन्यांत अडकण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के. एक ठेवला तर ९ टक्के. दोन ठेवले तर दीड टक्क्याच्याही आत. हे तीन आकडे मांडले की चर्चा एकदम शांत होते, कारण ‘ठेवूया का’ या प्रश्नाऐवजी ‘किती धोका पत्करायचा’ हा खरा प्रश्न समोर येतो, आणि त्याचं उत्तर मशीन थांबल्यावर काय होतं त्यावर ठरतं. शेजारी दुसरं मशीन चालू असेल तर ९ टक्के चालतील. एकुलती एक भट्टी किंवा एकच मुख्य कॉम्प्रेसर असेल तर दीड टक्काही जड जाईल. यातली कळीची गोष्ट किमतीपेक्षा येण्याचा काळ आहे. तोच भाग दोन आठवड्यांत मिळू लागला तर एका नगावर धोका अर्ध्या टक्क्याच्या आत येतो.

येण्याचा काळ असह्य झाला म्हणून माणूस काय करू शकतो याचं उदाहरण म्हणजे स्वेन विंगक्विस्ट. स्वीडनमध्ये योटेबोर्गच्या एका कापड गिरणीत ते यंत्रं सांभाळत. गिरणी चिकणमातीवर उभी होती, जमीन खचायची, लांब शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंगं भराभर जायची. नवी परदेशातून येईपर्यंत वाट बघत बसावं लागे. त्यांनी १९०७ साली असं बेअरिंग बनवलं जे शाफ्ट थोडा तिरका झाला तरी स्वतःला जुळवून घेतं, आणि त्याच वर्षी एसकेएफ ही बेअरिंग बनवणारी कंपनी उभी राहिली. ही गोष्ट नेहमी शोधाची म्हणून सांगतात. मला ती तितकीच रिकाम्या खणाची वाटते.

आता तो भाग जो कधीच हलत नाही. मोठ्या गिअरबॉक्सचा दातेरी शाफ्ट, टर्बाइनचा रोटर, मुख्य ट्रान्सफॉर्मरचं बुशिंग. हे येऊन पडतात आणि वर्षानुवर्षं तिथेच असतात. दर वर्षाच्या अखेरीला ‘नॉन-मूव्हिंग’ यादी निघते आणि ती नावं तिच्यात सगळ्यात वर येतात, कारण किंमत मोठी आणि खप शून्य. मग विचारणा होते: काढून का टाकत नाही? या यादीशी माझं खरोखर भांडण आहे. ज्या वस्तूचं कामच हाताशी असणं आहे तिला न हलल्याबद्दल दोष देणारी यादी चुकीच्या प्रश्नावर बनवलेली आहे. हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनाही हा फरक मान्य आहे. आयएएस १६ प्रमाणे असे मोठे राखीव भाग मालमत्तेच्या व्याख्येत बसत असतील तर ते यंत्रसामग्रीत धरले जातात, नसतील तर साठ्यात. ज्यांनी हा फरक आधीच करून ठेवला त्यांच्या रोटरवर दर वर्षी संकट येत नाही.

पण हिशेब खात्याची बाजूही मी घेतो, कारण खरा मृत साठाही तेवढाच असतो. मशीन कधीच भंगारात गेलं आणि त्याचे सुटे भाग रॅक अडवून बसलेत. बदललेल्या मॉडेलचे बोर्ड. एकदाच काहीतरी झालं म्हणून घाबरून मागवलेले डझनभर नग. हे काढायला स्टोअरमधलेच लोक तयार नसतात. ‘कधीतरी लागेल’ या शब्दांवर अर्धं गोदाम उभं असतं. मी एकच चाचणी लावतो: हा भाग ज्या मशीनला बसतो ते मशीन मला दाखवा. दाखवता आलं तर पुढे बोलू, नाही तर त्याला निरोप. त्यासाठी प्रत्येक भागासमोर त्याच्या मशीनचा नंबर लिहिलेला हवा, आणि मशीन काढून टाकताना जो कागद फिरतो त्यावर स्टोअरचीही सही हवी. ही एक सही बहुतेक ठिकाणी नसते. ती सुरू करायला एक दिवस लागतो.

सध्या आम्ही ज्या स्टोअरमध्ये काम करतोय तिथले स्टोअरकीपर लवकरच निवृत्त होणार आहेत. कॉम्प्युटरमध्ये जे आहे ते राहीलच. पण कुठल्या रॅकवर दुपारी ऊन येतं, कुठलं पॅकिंग मागवताना रुंदी मुद्दाम लिहून द्यावी लागते, कुठल्या दोन पंपांचे इंपेलर दिसायला सारखे पण भोकाला वेगळे आहेत, हे सगळं त्यांच्या डोक्यात आणि त्या कोपरे दुमडलेल्या वहीत आहे. म्हणून रोज जेवणानंतर एक तास आम्ही दोघं खणाखणाने फिरतो. ते सांगतात, मी टाइप करतो, त्यांच्या जागी येणारी मुलगी फोटो काढते आणि मधेच असे प्रश्न विचारते की ते थांबून विचार करतात. परवा तिने विचारलं की सील आणि ओ-रिंग यांच्या तारखा संपायच्या तीन महिने आधी यादी आपोआप का निघत नाही. आता ती निघते. पंप झाले, हायड्रॉलिक झालं, इलेक्ट्रिकलचे बहुतेक खण झाले. सोमवारपासून गिअरबॉक्सची रांग घेतोय. तिथे वजनं जास्त आहेत आणि चिठ्ठ्या बऱ्याच पुसल्या गेल्यात, म्हणून क्रेनवाल्याला आधीच सांगून ठेवलंय.